हे घर तुमचंच कशावरून?

कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दोन पावलं टाकावीत, मागून वारा यावा आणि दार धाडकन लागावं, एवढं पुरतं. लॅचची जीभ चौकटीतल्या खाचेत जाऊन बसते. गॅसवरचं दूध, चार्जिंगला लावलेला मोबाईल, खुंटीवरची चावी असं सगळं घर जागच्या जागी राहतं आणि घरातलं माणूस तेवढं जिन्यात उभं राहतं. मग शेजाऱ्यांचा फोन, कोणीतरी दिलेला नंबर, आणि थोड्या वेळाने दुचाकीवरून आलेला, खांद्याला पिशवी अडकवलेला एक अनोळखी माणूस. तो कुलपाकडे वाकून बघतो, पिशवीतून दोन-तीन वस्तू काढतो आणि बघता बघता दार उघडतं. आधी हायसं वाटतं. मग पैसे देताना मनात पाल चुकचुकते: याला हे इतकं सोपं असेल, तर आपण नसताना याला कोण अडवणार? शंका रास्त आहे, पण तिचा रोख चुकतो. चावीवाला विश्वासू आहे की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून किंवा गोड बोलण्यावरून कळत नाही, आणि दार किती पटकन उघडलं यावरून तर मुळीच नाही. कुलपाला हात लावण्याआधी त्याने काय विचारलं, यावरून ते कळतं. ‘हे घर तुमचंच कशावरून?’ असं न विचारता जो तुमच्यासाठी तुमचं दार उघडतो, तो उद्या दुसऱ्या कोणासाठीही तुमचंच दार उघडेल.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही शंका जरा जास्तच बोचते, कारण हे शहरच एकमेकांना अनोळखी असलेल्या माणसांनी वसवलं आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरीपासून आकुर्डीपर्यंतच्या माळरानावर शेड उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महापालिका आणि २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर लोकसंख्या. गावात कुलूप लागायचं ते परगावी जाताना. एरवी बाहेरून कडी, आतून अडसर आणि लक्ष ठेवायला शेजारच्या काकू. वाकड, रावेत, मोशीच्या सोसायट्यांत नवराबायको दोघंही कामावर असतात आणि समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे नावाच्या पाटीवरून कळतं. शेजारच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातली तऱ्हा वेगळी. नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी, म्हाळुंगे या गावांत एकेका खोलीत चार-पाच कामगार राहतात, तिघांच्या तीन पाळ्या असतात आणि चाव्या असतात एक किंवा दोन. दुसरी पाळी संपवून मध्यरात्री परतलेल्याला दाराशी कळतं की चावी तिसऱ्या पाळीला गेलेल्याच्या खिशात आहे. जिथे शेजाऱ्याकडे जादा चावी ठेवायची सोय असते तिथे चावीवाल्याचं काम कमी. जिथे ती सोय उरत नाही तिथे त्याचा नंबर जिन्यातल्या भिंतीवर, मीटरच्या पेटीवर, विजेच्या खांबावर चिकटलेला दिसतो. गंमत म्हणजे गाड्यांची कुलपं बनवणारा मिंडा कॉर्पोरेशनसारखा कारखाना याच नाणेकरवाडीच्या परिसरात आहे.

आधी त्या ‘इतकं सोपं’ची उकल करू. दाराच्या नेहमीच्या कुलपात एक फिरता नळा असतो आणि त्याला अडवून धरणाऱ्या पाच-सहा खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी वेगवेगळ्या उंचीवर दोन तुकड्यांत कापलेली असते. योग्य चावी आत गेली की सगळे काप एका रेषेत येतात आणि नळा फिरतो. पाच खुंट्या आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या कागदावर निघतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. शिवाय स्वस्त कुलपात नळ्याची भोकं एका ओळीत अचूक पाडलेली नसतात. कारखान्यात ज्याला ‘टॉलरन्स’ म्हणतात, तो इथे ढिला असतो आणि त्या ढिलेपणावरच कारागिराचं बोट चालतं. हरवलेल्या चावीच्या जागी नवी चावी बनवण्याची रीत तर बघण्यासारखी असते. कोरी चावी पकडीत धरून कुलपात सारायची, दाब देऊन किंचित पिळायची, बाहेर काढून उजेडात तिरकी धरायची. जिथे खुंटी अडली तिथे पितळेवर सुईच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका उमटतो. त्या ठिपक्यावर कानस दोन-तीनदा फिरवायची, पुन्हा सारायची, पुन्हा पिळायची, पुन्हा बघायचं. ठिपका उमटायचा थांबला की तिथली खोली बरोबर झाली. कुलूपच स्वतःच्या चावीचा नकाशा हळूहळू सांगत जातं. यात जादू नाही. टर्नरच्या हाताला मायक्रोमीटर लावायच्या आधीच जे कळतं, त्याच जातीचं हे ज्ञान आहे.

मग ज्यांना ही विद्या येते त्यांच्यापासून घराला धोका किती? घरफोडीच्या बातम्या वाचणाऱ्याला याचं उत्तर पाठ असतं, फक्त ते उत्तर आहे हे लक्षात आलेलं नसतं. ‘दरवाजाचा कडीकोयंडा उचकटून’, ‘कुलूप तोडून’, ‘खिडकीचे गज कापून’ हीच वाक्यं वर्षानुवर्षं छापून येतात. चोराला कानस आणि ठिपक्यांच्या भानगडीत पडायला वेळ नसतो. त्याच्या हातात कटावणी असते आणि लाकडी चौकटीत आखूड स्क्रूने बसवलेला कोयंडा एका झटक्यात निघतो. चाकणच्या संग्रामदुर्गाची हकिकत इथे आठवते. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे हा भुईकोट जवळपास दोन महिने लढवला. खानाने अखेर दरवाजाचा नाद सोडला, बुरुजाखाली सुरुंग नेला आणि बुरूज उडवून दिला. घरातही तसंच असतं. महागडं कुलूप आणून ते कुजक्या चौकटीवर लावणारा माणूस फक्त दरवाजाचा विचार करत असतो. त्यामुळे ‘याला कुलूप उघडता येतं’ एवढ्यावरून चावीवाल्याला भिणं म्हणजे ज्याच्याकडे विळी आहे त्या प्रत्येक गृहिणीला भिण्यासारखं आहे.

चावीवाल्याच्या नावाने जे गुन्हे खरंच घडतात त्यांची रीत वेगळी असते आणि ती समजून घेतली की पुढचा मुद्दा सोपा होतो. दुपारच्या वेळी दोघं जण ‘चावी बनवणार का, कुलूप दुरुस्त’ अशी हाळी देत सोसायटीत किंवा वाडीत फिरतात. घरी बहुधा वयस्कर बाई किंवा आजोबा. कपाटाच्या लॉकरची चावी जरा अडकते, म्हणून त्यांना आत बोलावलं जातं. एक जण लॉकर उघडतो, दुसरा काहीतरी निमित्त काढतो: चावी तापवायला गॅस पेटवा, थोडं तेल आणा, पाणी द्या. तेवढ्यात दागिने पिशवीत जातात. मग चावी कुलपात मुद्दाम अडकवून ठेवायची आणि सांगायचं की आत तेल सोडलंय, संध्याकाळपर्यंत कपाटाला हात लावू नका. संध्याकाळी कपाट उघडतं तेव्हा हे दोघं दोन तालुके ओलांडून गेलेले असतात. या चोरीत कुलूप उघडण्याचं कसब जवळजवळ काहीच लागत नाही. लागतो तो घरात घेतलेला प्रवेश, एकटं माणूस आणि कसलीही नोंद नसणं. जो बोलावल्याशिवाय दारात येतो, ज्याचं दुकान कुठे ते माहीत नाही आणि जो निघताना ‘आत्ता उघडू नका’ म्हणतो, तो चावीवाला नसतोच. पिशवी तेवढी चावीवाल्याची असते.

दुसरी फसवणूक पैशांची. फोनवर एक रक्कम, दारात आल्यावर दुसरी आणि काम झाल्यावर तिसरी. अमेरिकेत हा प्रकार इतका माजला की इंटरनेटच्या नकाशावर नसलेली दुकानं दाखवून नंबर पसरवले गेले. फोन एका ठिकाणी उचलला जायचा आणि येणारा माणूस कुठला याचा पत्ता नसायचा. येताक्षणी ‘हे कुलूप उघडणारं नाही, ड्रिल मारावं लागेल’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य, कारण ड्रिल मारलं की नवं कुलूप विकता येतं. आपल्याकडेही मोबाईलवर ‘जवळचा चावीवाला’ शोधणाऱ्याला पहिला दिसणारा नंबर जवळच्याचाच असतो असं नाही. मात्र या भांडणात गिऱ्हाईकही अगदी निर्दोष नसतं. कारागिराने पाच मिनिटांत, चौकटीला ओरखडा न पाडता दार उघडलं की ‘एवढ्याशा कामाचे इतके?’ असा सूर निघतो. तासभर खटपट करून, घाम गाळून, कुलूप फोडून दार उघडणाऱ्याला मात्र तेच पैसे विनातक्रार मिळतात. कसबाला कमी आणि धडपडीला जास्त पैसे देण्याची ही सवय धंद्याला ड्रिलकडे ढकलते. पहिल्याच मिनिटाला ड्रिल काढणारा एकतर अडाणी असतो किंवा दुकानदार. यातला कोणताही आपल्याला परवडत नाही.

तर मग विश्वास ठेवायचा कशावर? सर्वांत जुना आणि सर्वांत वाईट मापदंड जातीचा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी अनेक जण पुढे चाव्यांच्या कामात आले, फिरस्ते लोहारही आले, आणि त्यांच्यामागे संशयही आला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘तसलेच ते’ हे शब्द अजून गेलेले नाहीत. या मापाने फुटपाथवरच्या प्रामाणिक म्हाताऱ्यावर संशय घेतला जातो आणि इस्त्रीच्या शर्टात आलेला भामटा आत घेतला जातो. दुसरा मार्ग कागदाचा. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, पण त्यातून एवढंच कळतं की कालपर्यंत याच्यावर गुन्हा नोंद नव्हता. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्यात रस्त्यावर बसून सेवा देणारेही येतात, म्हणजे छत्रीखाली चाव्या घासणाऱ्यालाही विक्री प्रमाणपत्र मिळू शकतं. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार यांच्या पंगतीत कुलूप बनवणाऱ्याचंही नाव आहे. अठरा व्यवसायांपैकी तो एक. त्यातून ओळखपत्र, काही दिवसांचं प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी मदत आणि सवलतीचं कर्ज मिळतं. हे सगळं चांगलं आहे, कारण सरकारदरबारी या कारागिराचं नाव लागलं. पण यातला एकही कागद आज रात्री, या दाराशी, या माणसाने काय केलं याबद्दल काही बोलत नाही.

कायद्याने या माणसाला ओळखलंय ते उलट्या बाजूने. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडीचं हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे आणि कारण होतं हे सिद्ध करायची जबाबदारी हत्यार बाळगणाऱ्यावर आहे. आता विचार करा: रात्री दीड वाजता भोसरीतून मोशीकडे निघालेल्या चावीवाल्याच्या पिशवीत काय असतं? वाकडे तारेचे हूक, पातळ पट्ट्या, स्क्रूड्रायव्हर, ड्रिल. नाकाबंदीत अडवला गेला तर त्याला वाचवणारी गोष्ट एकच, कोणी, कुठे आणि कशासाठी बोलावलं याची लेखी नोंद. म्हणजे दाराशी गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता वहीत लिहून घेणं हे गिऱ्हाईकाला वाटतं तसं आगाऊपण नाही. त्या वहीशिवाय तो माणूस रस्त्यावर कायद्याच्या दृष्टीने अर्धा चोर असतो.

या पट्ट्यातल्या कामगाराला ही गोष्ट समजावून सांगायला नको, कारण तो दिवसाचे आठ तास ती जगतो. प्रेसमध्ये किंवा कन्व्हेयरवर दुरुस्ती करायची असेल तर आधी वीज तोडायची आणि बंद केलेल्या स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं. शॉपफ्लोअरवर याला ‘लोटो’ म्हणतात. लाल रंगाचं कुलूप, त्याला लोंबणारा टॅग, टॅगवर नाव आणि बऱ्याचदा फोटो. चार जण मशीनमध्ये हात घालणार असतील तर एकाच कड्याला चार कुलपं, आणि शेवटचं निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २४ व्या कलमातच वीज तोडणारं साधन चुकून ‘चालू’ होऊ नये म्हणून ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय सांगितलेली होती. आता खरी मेख. पहिल्या पाळीतला फिटर आपलं कुलूप काढायला विसरून, चावी खिशात घालून कंपनीच्या बसने घरी गेला तर? लाइन अडलेली, वरून उत्पादनाचा तगादा. तरीही सरळ कटर आणून कुलूप छाटत नाहीत. आधी त्याला फोन करतात, तो आवारात नाही ना हे गेटवरच्या नोंदीतून तपासतात, पाळीचा प्रमुख स्वतः जाऊन मशीन बघतो, कागदावर सही करतो, मग कुलूप कापलं जातं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी त्याला हे सांगितलं जातं. अमेरिकेच्या १९८९ च्या नियमांत ही पद्धत तपशीलवार लिहिलेली आहे आणि परदेशी कंपन्यांबरोबर ती चाकणला आली. कटर मारणारा फिटर स्वभावाने प्रामाणिक आहे का, असं इथे कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच: कुलूप कोणाचं, ते कोणाच्या सांगण्यावरून कापलं, आणि सही कुठे आहे.

बँकेतही हेच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरबद्दल जे निर्देश दिले त्यांत बँकेने लॉकर फोडायचा झाल्यास बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हजर असावेत, चित्रीकरण व्हावं, आतल्या वस्तूंची यादी व्हावी असं सांगितलं आहे. सरकारी जप्तीत तर ‘पंचांसमक्ष कुलूप तोडले’ हे वाक्य पंचनाम्याच्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या मुरलं आहे. म्हणजे कारखाना, बँक आणि कचेरी या तीन ठिकाणी आपण दुसऱ्याचं कुलूप उघडण्यासाठी साक्षीदार आणि कागद मागतो. ज्या एका ठिकाणी आपली बायकामुलं झोपतात, तिथे मात्र ‘दादा, लवकर या’ एवढ्यावर काम भागतं. साक्षीदार आणि कागदाची हीच पद्धत घरालाही लावणं काहीच अवघड नाही. कॅलिफोर्नियात घर किंवा गाडी उघडून देणाऱ्या परवानाधारक कारागिराला गिऱ्हाईकाचं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही कामाच्या कागदावर घ्यावी लागते आणि तो कागद दोन वर्षं जपावा लागतो. उलट ब्रिटनमध्ये या धंद्याला परवानाच लागत नाही, संघटना आपापल्या सभासदांची हमी देतात. आपल्याकडे परवाना आणला तर काय होईल याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही: छत्रीखालच्या म्हाताऱ्यामागे आणखी एक हप्ता लागेल. परवान्याआधी वही आली तरी निम्मं काम होईल.

यावर पहिला आक्षेप तातडीचा. आत दोन वर्षांचं मूल आहे, गॅस चालू आहे, आणि इथे आधार कार्डाचा आकडा लिहीत बसायचं? नाही, बसायचं नाही, आणि खरं तर अशा वेळी चावीवाल्याची वाटही बघायची नाही. जीव अडकला असेल तर ते काम अग्निशमन दलाचं. १०१ लावा, नाहीतर ११२. संत तुकारामनगरच्या मुख्य केंद्रातून आणि शहरभरच्या उपकेंद्रांतून येणाऱ्या जवानांकडे दार तोडायचं सामान असतं, गॅलरीतून उतरायचे दोर असतात आणि गणवेशही असतो. उरलेल्या प्रसंगांत, म्हणजे बहुतेक सगळ्याच, घाई असते ती गैरसोयीची. तिथेही मधला मार्ग आहे. कुलूप उघडलं, दार फटभर लोटलं, की चावीवाला निघण्याआधी घरातला कागद दाखवा. विजेचं बिल, मुलाचं शाळेचं ओळखपत्र, भिंतीवरचा फोटो. अनोळखी घरात शिरणाऱ्याला टीव्हीखालच्या खणात काय आहे हे सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो याच पट्ट्यातून येतो. ज्याच्याकडे कागदच नाही त्याने काय करायचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पण खराबवाडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाचवा गडी म्हणून राहणाऱ्याचा कसला करार? त्याच्या आधारवर गावाकडचा पत्ता, कदाचित दुसऱ्या राज्यातला. कागदाचा आग्रह धरला तर उपाशी-दमलेला कामगार रात्रभर पायरीवर आणि इंजिनिअर मात्र आत, असं व्हायचं. म्हणूनच कागदापेक्षा साक्षीदार महत्त्वाचा. खोलीमालक, शेजारची खोली, खालचा किराणावाला, मेसवाल्या मावशी, सुपरवायझरचा फोन, यांपैकी एकाने ‘हो, हा इथेच राहतो’ म्हणावं आणि वहीत त्याचं नाव जावं. पंचनाम्यातला पंच तरी दुसरं काय करतो?

मात्र ओळख पटली की अधिकारही पटला, असं समजणारा चावीवाला अडचणीत येईल. घरमालकाकडे घराचे सगळे कागद असतात, तरी आत राहणाऱ्या भाडेकरूचं कुलूप भाडं थकलं म्हणून परस्पर फोडायचा हक्क त्याला नसतो. त्यासाठी कोर्टात किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं. नवऱ्याच्या आधारवर तोच पत्ता असतो, पण बायकोने मारहाणीनंतर कुलूप बदललेलं असू शकतं, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. उलटही होतं: सुनेला बाहेर ठेवून सासरचे नवं कुलूप लावायला चावीवाल्याला बोलावतात. अशा वेळी वही पुरत नाही, कान लागतात. ‘आत कोणी आहे का?’, ‘हे कुलूप कोणी लावलं?’ हे दोन प्रश्न विचारले आणि उत्तर अडखळलं, तर ११२ ला फोन करून बाजूला होणं हेच त्याचं काम. तो न्यायाधीश नाही, हे खरं. पण भांडणातल्या एका बाजूचं हत्यार व्हायचं की नाही, एवढं तर त्याच्या हातात असतं.

‘विचारपूस करत बसलो तर गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावतं’ असं या धंद्यातला माणूस म्हणेल, आणि ते खोटं नाही. पण नोंदीत गिऱ्हाईकाचाही फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. हरवलेली चावी वापरून परक्याच्या घरात गुन्हा करायला शिरणं ही फौजदारी कायद्याने घरफोडीच आहे. जुन्या दंडसंहितेत चक्क हेच उदाहरण दिलं होतं. विम्याचं गणित मात्र निराळं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंदराय चंदनलाल यांच्या प्रकरणात सांगितलं की पॉलिसीत बळजबरीने प्रवेशाची अट असेल तर बळाचा वापर झाल्याशिवाय भरपाई मागता येत नाही. दार न मोडता, डुप्लिकेट चावीने झालेली चोरी विम्याच्या अशा अटीत अडकू शकते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवून नवी करून घेतली असेल तर हरवल्याची पोलिसांकडची नोंद आणि चावी करणाऱ्याचं बिल हेच काय ते हाताशी राहतं. चिप असलेली चावी गाडीच्या संगणकात नोंदवून देणाऱ्याला डिजिलॉकरमधलं आरसी बुक बघायला दोन मिनिटं लागतात. न बघणाऱ्याकडे तुमची गाडी न्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. शांतपणे उघडलेल्या कुलपावर कसलाच ओरखडा राहत नाही, त्यामुळे पुरावा राहिलाच तर तो वहीतच.

डिजिटल कुलपं आल्यावर हे सगळं संपेल, अशी समजूत नव्या टॉवरमध्ये ऐकू येते. सेल संपला किंवा सर्किट बिघडलं की तिथेही कोणाला तरी बोलावावं लागतं, फक्त त्याच्या शर्टावर कंपनीचं नाव असतं. प्रश्न तोच राहतो.

आता सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर उघडून बघा. दूधवाला, कुरियर, जेवण पोहोचवणारा, पाहुणा, गॅस सिलिंडर, सगळ्यांना रकाने आहेत. कुलूप कोणाचं उघडलं, कोणी उघडलं आणि कोणासमक्ष, याला रकाना नाही. कमिटीच्या पुढच्या बैठकीत तो एक रकाना आखून घ्या. आसपासच्या दोन चावीवाल्यांची दुकानं दिवसा जाऊन बघून या आणि त्यांची नावं-नंबर वॉचमनकडे लिहून ठेवा. आणि मध्यरात्री जिन्यात उभे असताना त्यांच्यापैकी कोणी ‘हे घर तुमचंच कशावरून?’ असं विचारलं, तर चिडू नका. शेजाऱ्यांची बेल वाजवा.